हायथांगच्या रांजणातलं पांढरं फूल

हायथांग जेवायला बसली की तिचं लक्ष स्वतःच्या वाडग्यात कधीच नसायचं. ती दुसऱ्यांच्या गळ्यांकडे बघत बसायची.

शांग्वा गावात दुपारचं जेवण घरात कुणी जेवत नाही. आपापला वाडगा घेऊन माणसं गल्लीतल्या मोठ्या अक्रोडाखाली येतात, भिंतीच्या कडेनं उकिडवी बसतात आणि राळ्याच्या पेजेचे भुरके मारत गावाची उणीदुणी काढतात. पेज जितकी कढत तितकी अंगी लागते, अशी या लोकांची पक्की समजूत. जीभ भाजेल, पण फुंकर घालून पिणाऱ्याला ते बुळ्या म्हणतील. त्या घोळक्यात हायथांग गप्प बसायची आणि मोजायची. घास तोंडात गेला, चावून झाला, आता कंठमणी वर गेला, खाली आला. सुटला एकदाचा. आता पुढचा.

तिचा नवरा बाओचंग पाथरवट होता. डोंगरातला दगड फोडून त्याचे हात दगडासारखेच झाले होते, आणि बोलणंही फार वेगळं नव्हतं.

"अगं, मी जेवतोय का परीक्षा देतोय?" तो करवादायचा.

"जेवा की. मी काही बोलले का?"

"तू बघतेस ना टकमका, त्यानंच माझं अडकतं."

'अडकतं' हा शब्द निघाला की अक्रोडाखालचे सगळे भुरके एकदम थांबायचे. बाओचंगही जीभ चावायचा. म्हातारा शन मुद्दाम मोठ्यानं खाकरायचा, कुणीतरी बकरीचा विषय काढायचं, आणि मग वाडगे पुन्हा तोंडाला लागायचे.

थायहांग डोंगरांच्या त्या खोऱ्यात अन्ननलिकेच्या या रोगाला सरकारी नाव होतं, डॉक्टरांचं नाव होतं, पण माणसं म्हणायची 'अडकलं'. अमक्याला अडकलं म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. आधी भाकरी अडकते. मग भिजवलेली भाकरी. मग पेज, मग पाणी. शेवटी माणसाला स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नाही, आणि चूल समोर पेटलेली असताना तो भुकेनं मरतो. हायथांग अकरा वर्षांची असताना तिची आई अशी गेली. भाऊ अडतिसाव्या वर्षी गेला, शेवटच्या महिन्यात तो तिला म्हणाला होता, "ताई, तू फक्त माझ्यासमोर बसून जेव. आवाज ऐकू दे." तिनं ते केलं. त्यानंतर तिला जेवणाची चव म्हणून कधी लागलीच नाही. पुढं सासूही त्याच वाटेनं गेली. तीन माणसं, आणि तीन वेगळ्या घरांतली नव्हेत. एकाच बाईच्या वाट्याची.

आता या बाईची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ती नुसती भित्री वाटेल. हायथांगच्या हाताला जे यश होतं ते सगळ्या खोऱ्यात कुणाला नव्हतं. तिचा आंबट पाला. मुळ्याचा पाला, रताळ्याची पानं, सलगमाचे देठ हे सगळं शरदात उकळून घ्यायचं, छातीएवढ्या रांजणात दाबून भरायचं, वर नदीतला गुळगुळीत धोंडा ठेवायचा आणि पाणी ओतून महिनोन्‌महिने आंबू द्यायचं. मीठ घालायचं नाही. मीठ घालणारी बाई आळशी, तिला राखण करायला नको असते. हिवाळ्यात डोंगर उघडाबोडका झाला की सहा महिने हाच पाला, हेच पाणी, पेजेबरोबर सकाळ संध्याकाळ. घराघरांत रांजण होते, पण हायथांगच्या रांजणाची गोष्टच और. सासूनं मरताना चावी दिली नाही, दागिना दिला नाही, रांजण दिला. सासू सांगायची, पाण्यावर पांढरं मखमली फूल धरतं ना, ते काढून टाकायचं नाही. बाकीच्या बाया बुरशी म्हणून फेकतात आणि मग चव नाही म्हणून रडतात. फूल धोंड्याखाली परत दाबायचं. तोच रांजणाचा जीव.

हायथांग जन्मभर ते फूल दाबत आली. गावातल्या अकरा घरांनी तिच्याकडून वाटी वाटी पाणी नेऊन आपापले रांजण लावले होते. याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? दुसरं मिरवायला तिच्याकडे होतं काय?

गोळ्या आल्या त्या वर्षी ती चव्वेचाळीस वर्षांची होती. शहरातून डॉक्टर आले, गावच्या सभागृहात माणसं जमवली. त्यांच्यात डॉक्टर बियान म्हणून एक बाई होत्या, आखूड केसांच्या, जाड भिंगांच्या. त्यांनी सांगितलं की दर माणसाला महिन्याची बाटली मिळेल, रोज एक गोळी, काही वर्षं.

"गोळीत आहे काय?" बाओचंगनं मागून विचारलं.

"तुम्ही पाथरवट ना? छिन्नी पावसात राहिली तर काय होतं?"

"गंजते."

"आणि तेल लावून ठेवली तर?"

"नाही गंजत. पण माझ्यात आणि छिन्नीत काही फरक?" लोक हसले.

"थोडाच," बियानबाई म्हणाल्या. "माणसाच्या शरीरातही आतून असा गंज चढत असतो. गाजरात, पालकात, ताज्या पाल्यात, फळांत तो गंज अडवणारी द्रव्यं असतात. तुमच्या डोंगरात अर्धं वर्ष ताजं हिरवं दिसत नाही. म्हणून ती गोळीत भरून आणलीत. त्यानं हा रोग टळतो का, ते बघायचंय. टळतो असं मी म्हणत नाही हं. बघायचंय म्हणते."

हायथांगनं पहिलं सगळं ऐकलं आणि शेवटचं ऐकलंच नाही. भ्यालेल्या माणसाचे कान हवं तेवढंच आत घेतात. सभा सुटल्यावर ती गंशंगच्या मागं धावली. गंशंग हा गावचाच, शेतात राबता राबता सुई टोचायला शिकलेला डॉक्टर. बाटल्या तोच वाटणार होता.

"भावजी, माझ्या स्वेईला पण एक बाटली."

"वहिनी, चाळिशीच्या वरच्यांनाच आहे. स्वेई अठराची."

"रोग काय वय विचारून येतो?"

"मोजून येतात गं बाटल्या. मोजून परत दाखवायच्या असतात. माझी मान अडकवू नकोस."

'अडकवू' म्हटल्याबरोबर तो बाटल्यांची पेटी उचलून चालू लागला.

स्वेई तिची एकुलती एक लेक. मुलीची कंबर वाकलेली नाही, गळा हंसासारखा लांब, आणि त्याच गळ्याकडे बघून आईला घाम फुटायचा. आजी, मामा, दुसरी आजी. पुढचा आकडा कुणाचा ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा! आपली गोळी लेकीला द्यावी असं हायथांगच्या मनात आलं. पण स्वेईच्या तोंडात तीळ भिजत नसे. ती पहिल्याच दिवशी अक्रोडाखाली सांगून मोकळी झाली असती, आणि बाटली परत गेली असती.

मग तिला रांजण दिसला. आणि तिला जे सुचलं ते फक्त त्या खोऱ्यातल्या बाईलाच सुचू शकतं. एक वाटी जुनं पाणी अख्खा रांजण आंबवतं. फुलाची एक चिमूट अख्ख्या रांजणाला पुरते. मग एक गोळी का नाही पुरणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपली गोळी लाटण्याखाली चिरडली आणि पांढऱ्या फुलावर भुरभुरवली. धोंड्याखाली फूल दाबलं, झाकण ठेवलं, आणि कित्येक वर्षांनी तिच्या जिवात जीव आला. तिचा स्वतःचा गळा गंजला तर गंजू दे. लेकीच्या पोटात रोज थोडं थोडं जात होतं. दोन हिवाळे हे चाललं. महिन्याच्या महिन्याला गंशंग रिकामी बाटली बघून वहीत खूण करायचा आणि म्हणायचा, "सगळ्या गावात वहिनीच नेमाच्या!"

विसाव्या वर्षी स्वेईचं लग्न झालं. खिंडीपलीकडच्या ल्यांगकोऊ गावात, ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलाशी. त्या भागाची रीत अशी की नवरीनं आईच्या रांजणातलं पाणी मातीच्या बरणीत भरून, वर लाल फडकं बांधून सासरी न्यायचं आणि आपल्या हातानं सासरच्या रांजणात ओतायचं. चाळीस दिवसांत त्यावर फूल धरलं तर नवरी त्या घरात रुजली. बरणी माघारी आली तर समजायचं की मागोमाग मुलगीही येणार. हायथांगनं बरणी काठोकाठ भरली. तळाशी दोन महिन्यांच्या गोळ्या होत्या. मार्चमध्ये निरोप आला, 'फूल आलंय, आई, आपल्याकडच्यापेक्षाही दाट.' त्या दिवशी ती अक्रोडाखाली बसून खरोखर जेवली.

एप्रिलमध्ये तिची तांबडी कोंबडी खाईना.

दाणा उचलायची, मान लांब करायची, हलवायची, पुन्हा लांब करायची, आणि दाणा जमिनीवर पडायचा. हायथांग अंगणाच्या पायरीवर बसून बघत राहिली. ती मान वर करायची पद्धत तिला माहीत होती. भाऊ असाच करायचा, भिंतीकडे तोंड करून, कुणी बघू नये म्हणून. कोंबडी म्हणजे काही माणूस नव्हे. तिला कुणी आजी नव्हती, मामा नव्हता, वंशात काही नव्हतं. मग तिला कुठून आलं?

त्याच आठवड्यात डॉक्टर बियान गंशंगला घेऊन तिच्या दारात आल्या. आदल्या महिन्यात काही जणांचं रक्त तपासायला नेलं होतं, त्यात हायथांगचंही होतं.

"ताई, गोळी रोज घेता ना?"

"रोज."

"तुमच्या बाटलीत काय आहे ते मला ठाऊक नाही. पण प्रत्येकच गोळीत एक खुणेचं द्रव्य असतं, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी निरोप पाठवलाय की तुमच्या रक्तात ते सापडत नाही."

गंशंगनं मान खाली घातली. हायथांगनं हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले, पुन्हा पुसले. तेवढ्यात तांबडी कोंबडी मध्ये आली, मान लांब करून. बियानबाईंचं बोलणं तुटलं. त्या गुडघ्यावर बसल्या, कोंबडीला धरून गळ्यावरून बोट फिरवलं, आणि ते बोट एका जागी थांबलं.

"हिला खायला काय घालता?"

"आमचं उरलेलं. पाल्याचे देठ. रांजणाचं पाणी."

"रांजण दाखवा."

झाकण उघडलं. फूल छान आलं होतं, पांढरंशुभ्र, बोटभर जाड. बियानबाईंनी वास घेतला, आणि हायथांगचा धीर सुटला. तिनं सगळं सांगितलं. लाटणं, चिरडलेली गोळी, स्वेई, एक वाटी पाणी अख्खा रांजण आंबवतं ते. बोलताना तिला वाटत होतं की फार तर चोर म्हणतील. पण बियानबाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही औषध यात घातलंत?" शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ताई, आमचा संशय यावरच आहे. या बुरशीवर. या आंबलेल्या पाण्यावर. जे रोग आणत असेल असं वाटतं त्यातच तुम्ही ते टाळायची गोळी कालवलीत."

"पण ती गोळी जिंकली असेल की!"

"मला नाही वाटत. महिनोन्‌महिने आंबटात काही टिकत नाही. आणि खरं सांगू का, काही बाटल्यांत नुसतं पीठ असतं. कुणाच्या, ते आम्हालाही कळू देत नाहीत."

"म्हणजे दोन हिवाळे मी पोरीला पीठ..."

"असेल. नसेलही."

हे 'असेल नसेलही' हायथांगच्या डोक्यात शिरलं ते गेलंच नाही. सरळ शिवी परवडली असती. जाताना बियानबाईंनी तिचा हात धरून बजावलं, "ज्यांनी ज्यांनी तुमच्याकडून पाणी नेलंय त्यांना तुम्ही सांगा. गंशंगनं सांगितलं तर हसतील. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. ताज्या भाज्या लावा, गाजरं वाळूत पुरून ठेवा, पालक वाळवा. गोळीत जे आहे ते त्यातच असतं."

हायथांग हो म्हणाली.

मे महिन्यात दोरा गिळायची तपासणी झाली. रबराचा फुगा दोऱ्याला बांधलेला, तो गिळायचा, पोटात फुगवायचा, आणि गळा खरवडत वर ओढून घ्यायचा. सभागृहात बाकांवर माणसं रांगेनं बसली होती, प्रत्येकाच्या तोंडातून दोरा लोंबत होता. हायथांगचा फुगा उतरता उतरेना. डॉक्टर म्हणत होते गिळा, गिळा, आणि ती गिळत होती. आणि तिच्या कानात भावाचा आवाज होता, फक्त बसून जेव, आवाज ऐकू दे. तीन आठवड्यांनी चिठ्ठी आली. रोग आहे असं म्हणवत नाही, नाही असंही म्हणवत नाही. आतली कातडी बदलायला लागलीय. दर सहा महिन्यांनी दोरा गिळायचा.

"गोळ्या घेतल्या असत्या तर?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," बियानबाई म्हणाल्या. "तेच तर शोधतोय."

त्या दिवशी घरी येऊन तिनं रांजण अंगणात आडवा केला, पाणी नाल्यात सोडलं, आणि बाओचंगचा हातोडा घेऊन सासूचा रांजण फोडला. पहिल्या घावाला फुटला नाही. बाओचंग दारात उभा राहून बघत होता. त्यानं पुढं होऊन तिच्या हातातून हातोडा घेतला आणि उरलेलं फोडलं. या दगडाच्या माणसानं आयुष्यात केलेली ती सर्वांत मऊ गोष्ट असावी.

पण अक्रोडाखाली हायथांग म्हणाली, "रांजण तडकला."

का म्हणाली? लाज वाटली म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तिच्याजवळ तेवढीच मूठ होती. सगळं खोरं जिच्या हाताची चव सांगायचं त्या बाईनं उठून म्हणायचं की मी तुम्हाला विष वाटलं? अकरा घरांत? शेजारीण फंगचिन तर धावतच आली.

"अगंबाई, तडकला? सासूचा रांजण! थांब, रडू नको. माझ्याकडं तुझंच पाणी आहे ना, दोन वाट्या घेऊन जा. नवा रांजण लाव."

"बघू," हायथांग म्हणाली. फंगचिनची तीन मुलं वाडगे घेऊन समोर बसली होती आणि हिरवागार आंबट पाला मिटक्या मारत खात होती. हायथांगनं त्यांचे गळे मोजले. तीन गळे, वर, खाली. तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

गंशंगनं भोंग्यावरून सांगितलं, बुरशी आलेलं खाऊ नका. लोक म्हणाले, गंशंगची बायको रांजण लावायला आळशी, म्हणून गावाला शिकवतोय.

अकरा घरांपेक्षा बाराव्या बरणीनं तिची झोप उडवली. सांगायचं म्हणजे बरणी परत मागायची. बरणी परत मागायची म्हणजे लेकीचा संसार आपल्या हातानं उपटायचा. आणि न सांगायचं म्हणजे स्वेईच्या त्या लांब गळ्यातून रोज काय उतरतंय ते इथं बसून बघत राहायचं. आज सांगू, उद्या सांगू. मका पेरला, मका गुडघ्याएवढा झाला, मका डोक्यावर गेला. चार महिने ही बाई रोज खिंडीच्या वाटेकडे बघायची आणि रोज काहीतरी काम काढून घरात जायची. मग ऑगस्टमध्ये जावयाचा निरोप आला. स्वेईला पाचवा महिना आहे, तुम्हाला भेटायचं म्हणते.

बाळाला विसरून चालणार नव्हतं. ती निघाली. टोपलीत गाजरं होती, पालकाचं बी होतं, आणि खिंड चढेपर्यंत तिनं काय बोलायचं ते वीस वेळा जुळवलं आणि वीस वेळा मोडलं.

दारात विहीणबाई उभ्या होत्या. जिन्युन नाव, भरल्या अंगाच्या, बोलायला लागल्या की समोरच्याला वाट मिळत नसे. या खेपेला जरा उतरल्यासारख्या दिसत होत्या, पण तोंड तेच.

"या, या! लेकीच्या सासरी यायला तुम्हाला नातवाचं निमंत्रण लागलं वाटतं? तुमच्या पाण्यानं आमचा रांजण बघा कसा नटलाय. निम्मी गल्ली वाटी घेऊन दाराशी असते. मी त्यांना सांगते, आधी आमच्या सुनेच्या पाया पडा!"

हायथांगनं टोपली उंबऱ्यातच टेकवली. इथंही गल्ली.

जेवण मांडलं. पेज, मक्याची भाकरी, आणि मधोमध मोठं थोरलं भांडं, आंबट पाल्याचं. स्वेईनं आईला बसवलं आणि स्वतः वाडगाभर पाला घेतला. पोट दिसायला लागलं होतं, गाल भरले होते.

"डोहाळे लागलेत गं आई. नुसतं आंबट आंबट. सासूबाई म्हणतात रांजणासकट खाशील."

"खाऊ दे, खाऊ दे," विहीणबाई म्हणाल्या, पेजेत भाकरी बुडवत. "दोघांचं खातेय ती."

हायथांग बघत होती. घास तोंडात गेला. चावून झाला. तो लांब गळा हलला. दोघांचं. तिनं जुळवलेली वीसच्या वीस वाक्यं कुठंतरी सांडली.

"स्वेई, ठेव तो वाडगा."

"काय?"

"ठेव म्हणते ना!" तिनं हात मारला. वाडगा उलटला, पाला चटईवर सांडला. विहीणबाईंचा हात हवेत तसाच राहिला. आणि मग हायथांग बोलत सुटली. कोंबडी, रक्त, बुरशी, गोळ्या, दोरा, चिठ्ठी. रांजण तडकला नव्हता, मी फोडला. विहीणबाई, तुमच्या घरात मी लाल फडक्याखाली काय पाठवलं ते मला माहीत नव्हतं, पण चार महिने माहीत आहे. बरणी परत द्या, मला शिव्या द्या, पोरीला काही म्हणू नका.

"चार महिने?" स्वेई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "चार महिने तू गप्प बसलीस?"

"भ्याले गं."

"रोगाला भिऊन स्वतःच्या तोंडच्या गोळ्या मला घातल्यास. आणि लोक काय म्हणतील म्हणून हे खाऊ दिलंस? कुणाला जास्त भ्यालीस, आई?"

स्वेई रडत उठली, रांजणाकडे गेली आणि झाकण काढून भिंतीवर आपटलं. आता विहीणबाई घालवतील, हायथांगला वाटलं. मुलीला माझ्याबरोबर घालवतील.

"स्वेई," विहीणबाई म्हणाल्या, "जा, नवऱ्याला बोलाव. रांजण जड आहे, तू हात लावू नकोस. हळू जा."

ती अंगणात गेल्यावर त्यांनी दार लोटलं, कडी घातली आणि हायथांगच्या अगदी जवळ येऊन बसल्या. त्यांचा चेहरा अगदी उतरला होता.

"तुमच्या घरात तिघं गेली ना? तुम्ही जवळून पाहिलंय." त्यांनी दाराकडे बघितलं. "मला सांगा, सुरुवातीला कसं कळतं? आधी कोरडी भाकरीच अडकते का?"

हायथांगनं प्रथमच त्यांच्या वाडग्याकडे बघितलं. भाकरीचा पेजेत पार लगदा झाला होता. शेजारी गरम पाण्याचा पेला होता, अर्धा संपलेला. सबंध जेवण तिनं एकच गळा मोजला होता. गळे ओळखण्यात जिनं जन्म घालवला तिला हा हाताच्या अंतरावरचा गळा दिसला नव्हता.

"किती दिवस झाले?"

"मका पेरला तेव्हापासून. तुमच्या पाण्याचं हे नव्हे हो, आमच्या रांजणालाही साठ वर्षं झाली." त्यांनी तिचं मनगट घट्ट पकडलं. "कुणाला सांगू नका. पोर पोटुशी आहे, तिला नको. मूल होऊन जाऊ दे, मग बघू."

ते शब्द हायथांगच्या ओळखीचे होते. मका पेरल्यापासून मका डोक्यावर जाईपर्यंत तिनं रोज स्वतःला तेच ऐकवलं होतं. भीती तिला आत्ताही वाटत होती. घसा कोरडा पडला होता, आणि या कोरड्या घशाचीही भीती वाटत होती.

तिनं उठून एका हातानं कडी काढली.

"स्वेई!" ती ओरडली, असं की शेजारच्या अंगणातली माणसंसुद्धा वळून बघू लागली. "नवऱ्याला म्हणावं ट्रॅक्टर काढ. रांजण मागाहून. तुझ्या सासूच्या घशात अडकतंय, आजच डॉक्टरांकडे न्यायचंय."

दुसरा हात विहीणबाईंनी अजून सोडला नव्हता. तिनंही तो सोडवून घेतला नाही.